सिंदेवाही तालुक्यातील ताप: जनावरांचा सर्रा माणसाच्या रक्तात सापडला तेव्हा

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा एकपेशीय परजीवी सापडला. गुरे, म्हशी, घोडे आणि उंट यांना ‘सर्रा’ हा रोग देणारा हा जीव पशुवैद्यकांच्या चांगल्या ओळखीचा होता. माणसाच्या रक्तात तो वाढल्याची खात्रीशीर नोंद मात्र तोपर्यंत जगात कुठेही झालेली नव्हती. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेतील आणि फ्रान्समधील तज्ज्ञांच्या सोबतीने या रुग्णाचा अभ्यास केला आणि २००५ मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत हे प्रकरण आता एखाद्या ओळीत उरकले जाते. विदर्भातल्या वाचकाला ती ओळ पुरेशी नाही. तीच जनावरे, तोच चिखल आणि त्याच माश्या यांच्यासोबत इथली लाखो माणसे रोज वावरतात. मग सर्रा एकालाच का झाला आणि बाकीच्यांना का झाला नाही, हा प्रश्न इथल्या माणसाला पडणारच. त्याचे उत्तर पुढे मिळाले, आणि ते शोधत जाताना वैद्यकशास्त्राला इतरही बरेच काही कळले.

रुग्ण आणि त्याचा ताप

रुग्ण पंचेचाळिशीतला होता आणि त्याचा व्यवसाय शेती हा होता. सुमारे पाच महिने त्याला ताप येत होता, पण तो सलग नव्हता. ताप चढे, काही दिवसांनी उतरे आणि पुन्हा चढे. रक्तातील परजीवींची संख्याही अशीच कमीजास्त होत असल्याचे नंतरच्या तपासणीत दिसले.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात एखादा माणूस “ताप येते, आपोआप उतरते, मंग पुन्हा येते” असे सांगत आला, तर पहिला संशय हिवतापाचा घेतला जातो आणि तो रास्तच असतो. गडचिरोली आणि त्याला लागून असलेला चंद्रपूरचा पूर्वभाग हा महाराष्ट्रातील हिवतापाचा जुना पट्टा आहे आणि प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम हा त्यातला घातक प्रकार इथे चांगलाच रुजलेला आहे. हिवताप निघाला नाही तर डॉक्टर विषमज्वर पाहतात, क्षयरोग पाहतात, आणि रुग्ण जनावरांच्या कोठ्यात राबणारा असेल तर जाणता डॉक्टर ब्रुसेलोसिसचाही विचार करतो, कारण तोही जनावरांकडून येणारा आणि चढउताराचा ताप देणारा आजार आहे. काळ्या आजाराचा परजीवी ट्रिपॅनोसोमाच्या कुळातलाच आहे, परंतु त्याचे क्षेत्र बिहार, झारखंड आणि बंगालकडे आहे. सर्रा मात्र माणसाच्या तापाच्या कोणत्याच यादीत नव्हता आणि तो तिथे असण्याचे काही कारणही नव्हते. तो पशुवैद्यकीय दवाखान्यातला रोग होता.

म्हणून हे निदान तर्काने झाले नाही, रक्त पाहून झाले. हा मुद्दा मला या प्रकरणात फार मोलाचा वाटतो.

हिवतापासाठी बोटाच्या टोकातून रक्त घेऊन काचपट्टीवर जाड आणि पातळ असे दोन लेप केले जातात, ते वाळवून गीम्सा किंवा तत्सम रंगाने रंगवले जातात, आणि तंत्रज्ञ तेलभिंगाखाली एकेक दृश्यक्षेत्र सरकवत ते वाचतो. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत राहतो, त्यामुळे तंत्रज्ञाची नजर पेशीच्या आतल्या कड्यांकडे लागलेली असते. ट्रिपॅनोसोमा पेशीत शिरत नाही. तो प्लाझ्मात, पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत असतो. तांबड्या पेशीचा व्यास सात मायक्रोमीटरच्या आसपास असतो आणि हा जीव सरासरी २४ मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे पेशीच्या तिपटीहून अधिक. रंगवलेल्या लेपात त्याचे निमुळते शरीर निळसर दिसते, मधोमध जांभळट केंद्रक असते, मागच्या टोकाजवळ कायनेटोप्लास्ट नावाचा बारीक गडद ठिपका असतो, आणि त्या ठिपक्याजवळून निघालेली कशाभिका (चाबकासारखा धागा) पातळ पापुद्र्याच्या कडेने वळणे घेत पुढच्या टोकाच्या बाहेर मोकळी सुटलेली असते. तोच थेंब ताजा असताना न रंगवता पाहिला, तर हा जीव मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या वामीसारखा वळवळत तांबड्या पेशींना बाजूला सारताना दिसतो. एकदा पाहिलेला माणूस त्याला दुसरे काही समजण्याची शक्यता फार कमी असते.

आज खेडोपाडी हिवतापाचे निदान बव्हंशी रॅपिड किटवर होते. गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा भामरागडच्या आडवळणी टोल्यावर आशाताईंच्या पिशवीतल्या त्या किटने पंधरावीस मिनिटांत उत्तर मिळते आणि उपचार त्याच दिवशी सुरू होतो. त्यामुळे किती जीव वाचले असतील याचा विचार केला, तर त्या किटबद्दल कृतज्ञताच वाटते. तरीही किट हिवतापाच्या परजीवीची ठरावीक प्रथिनेच शोधते. रक्तात लाखो ट्रिपॅनोसोमा पोहत असले तरी तिच्यावर एकच नियंत्रण-रेघ उमटते आणि नोंदवहीत ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काचपट्टीच देऊ शकते, आणि तीही ती वाचणारा माणूस खुर्चीवर असेल तरच. प्रयोगशाळा तंत्रज्ञाची रिकामी जागा भरण्याची मागणी होते तेव्हा हे प्रकरण दाखल्यासाठी पुढे ठेवावे असे आहे.

हा कोणता ट्रिपॅनोसोमा?

माणसाच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा म्हटले की वैद्यकीय विद्यार्थ्याला आफ्रिकेतील निद्रारोग आठवतो. ट्रिपॅनोसोमा ब्रुसी या जातीच्या गॅम्बिएन्से आणि ऱ्होडेसिएन्से अशा दोन उपजाती तो रोग देतात आणि त्सेत्से माशी तो पसरवते. ही माशी आफ्रिकेच्या सहाराखालील भागातच आहे, भारतात नाही. दक्षिण अमेरिकेतील चागास रोगाचा ट्रिपॅनोसोमा क्रुझी दिसायला वेगळा असतो आणि त्याला पसरवणारे ढेकूणवर्गीय कीटकही बहुतांशी तिकडचेच. त्यामुळे या रुग्णात सापडलेला परजीवी कोणता, हे ठरवताना एका पुराव्यावर विसंबून चालणार नव्हते. आकार आणि ठेवण पाहिली गेली, प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडी) चाचण्या झाल्या, जनुकीय तपासणी झाली. साऱ्यांनी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीकडेच बोट दाखवले.

या परजीवीचे नाव भारतीय उपखंडातूनच जगाला मिळाले. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यकाने डेरा इस्माइल खान येथे घोडे आणि उंट यांच्या रक्तात तो पाहिला आणि सर्रा याच जीवामुळे होतो असे मांडले. सस्तन प्राण्यात रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोमा सापडल्याची ती पहिलीच नोंद होती, पण वरिष्ठांना ते पटले नाही. त्याच वर्षी अल्फाँस लाव्हरान याने अल्जीरियात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

इव्हान्सी हा मूळच्या आफ्रिकी ब्रुसीपासूनच निघालेला आहे. कायनेटोप्लास्टमधील डीएनएचा महत्त्वाचा भाग त्याने गमावला, त्यामुळे त्सेत्से माशीच्या शरीरात आपले जीवनचक्र पूर्ण करण्याची क्षमता तो हरवून बसला. ही हानी त्याच्या पथ्यावर पडली. विशिष्ट माशीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही आणि तो उत्तर आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका असा सर्वत्र पसरला. आता त्याला केवळ रक्त चाखणारे एखादे तोंड लागते. टॅबॅनस जातीची मोठी चावरी माशी हे काम करते. तिचा दंश इतका झोंबतो की बैल किंवा म्हैस कातडी थरारवून आणि शेपटी मारून तिला हुसकावते. पोट न भरलेली माशी लगेच शेजारच्या जनावरावर बसते आणि तिच्या सोंडेला लागलेल्या ओल्या रक्तातून परजीवी पुढच्या जनावरात जातो. माशीच्या शरीरात तो वाढत नाही, सोंडेवर थोडाच वेळ जिवंत राहतो. म्हणून जनावरे जवळजवळ बांधलेली असली की संसर्ग सोपा होतो.

सिंदेवाही परिसर धानाचा आहे. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी तुंबते, चिखलणीला हल्ले (रेडे) आणि बैल जुंपले जातात, रोवणीच्या दिवसांत माणूस आणि जनावर दिवसभर एकाच चिखलात असतात आणि माश्यांचा त्रास वाढतो. सर्रा झालेले जनावर ताप येऊन खंगते, दूध आटते, पांडुरोग होतो, डोळ्यांतून पाणी येते, कधी ते गोल गोल फिरू लागते आणि कोसळते. म्हशी आणि गाई पुष्कळदा वरून ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या रक्तात परजीवी टिकून राहतो. तालुक्याच्या पश्चिमेला ताडोबाचे जंगल आहे, आणि हा परजीवी वाघालाही सोडत नाही. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००० साली डझनभर वाघ सर्राने मेले होते.

ताप चढण्या-उतरण्याचे कारणही या जीवाच्या रचनेत आहे. त्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे दाट आवरण असते. शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक परजीवी मारले जातात, तेव्हा ताप उतरतो. तेवढ्यात काही मोजक्या परजीवींनी आपल्या जनुकसाठ्यातील दुसरे आवरण चढवलेले असते. या कुळात अशा आवरणांची शेकड्यांनी जनुके असतात. जुनी प्रतिपिंडे नव्या आवरणाला ओळखत नाहीत, परजीवी पुन्हा वाढतात आणि ताप परत येतो. पाच महिने चाललेला हा खेळ त्या शेतकऱ्याच्या शरीरात प्रत्यक्ष घडत होता.

उपचार

निद्रारोगाचा परजीवी उशिराच्या टप्प्यात मेंदूत शिरतो, आणि मग उपचार बदलतो. सुरामिन हे औषध मोठ्या रेणूचे आणि विद्युतभारित असल्याने मेंदूत पोचत नाही. मेंदूत शिरलेल्या ऱ्होडेसिएन्सेसाठी त्या काळी मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त औषध वापरावे लागे, ज्याच्या दुष्परिणामाने सुमारे पाच टक्के रुग्ण दगावत. त्यामुळे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासणे ही या प्रकरणातील औपचारिकता नव्हती, तर त्या तपासणीवर रुग्णाचे पुढचे सारे अवलंबून होते. पाणी स्वच्छ निघाले. परजीवी मज्जासंस्थेत शिरलेला नव्हता.

सुरामिन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत बायर कंपनीत तयार झाले आणि शंभर वर्षे उलटली तरी वापरात आहे. ते भारतातल्या औषधांच्या दुकानात मिळत नाही, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आणावे लागते. शिरेतून, आधी लहान चाचणी मात्रा देऊन, मग ठरावीक अंतराने ते दिले जाते आणि प्रत्येक वेळी लघवीत प्रथिने जात आहेत का हे पाहावे लागते, कारण ते मूत्रपिंडाला इजा करू शकते. या औषधाने रुग्णाच्या रक्तातील परजीवी नाहीसे झाले आणि पुढच्या पाठपुराव्यातही ते परत दिसले नाहीत. प्रकरणाचा पहिला अहवाल इथे संपतो. प्राण्याच्या दूषित रक्ताशी संपर्क आल्याने संसर्ग झाला असावा, असा निष्कर्ष त्यात होता.

गावाची तपासणी

एका गावकऱ्याच्या रक्तात जगावेगळा परजीवी सापडला, की गावाला भीती वाटणे स्वाभाविक आहे. संशोधकांनाही तोच प्रश्न होता. त्यांनी रुग्णाच्या गावातील १८०६ लोकांची तपासणी केली. त्यासाठी बेल्जियममधील अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने विकसित केलेली कार्ड-चाचणी वापरली. तिच्यात रंगवून सुकवलेले ट्रिपॅनोसोमा असतात. रक्ताचा थेंब त्यांच्यात मिसळून कार्ड काही मिनिटे फिरवले जाते, आणि रक्तात प्रतिपिंडे असतील तर निळ्या कणांच्या गुठळ्या डोळ्यांना दिसतात. वीज नसलेल्या शाळेच्या व्हरांड्यातही होऊ शकेल अशी ही चाचणी आहे.

पूर्ण रक्तावर केलेल्या पहिल्या चाचणीत ४१० जण, म्हणजे २२.७ टक्के, सकारात्मक निघाले. रक्तद्रव वेगळे काढून अधिक काटेकोर चाचणी केल्यावर त्यातले ६० उरले. त्या ६० जणांच्या रक्तात परजीवी शोधला गेला आणि एकाच्याही रक्तात तो सापडला नाही.

या आकड्यांकडे नीट पाहायला हवे. ४१० हा आकडा ऐकून कोणीही घाबरेल, आणि अर्धवट बातमी झाली तर ‘पाव गाव बाधित’ असा मथळा सहज तयार होईल. पण प्रतिपिंड सापडणे म्हणजे रोग असणे नव्हे. अशा पहिल्या चाचण्या मुद्दाम सैल ठेवलेल्या असतात, जेणेकरून कोणी सुटू नये. दुसऱ्या गाळणीनंतर उरलेल्या ६० जणांचे रक्त बहुधा कधीतरी परजीवीला सामोरे गेले असावे, माशीच्या दंशातून असो की जखमेतून, आणि तरीही परजीवी तिथे तग धरू शकला नसावा. गावात संपर्क पुष्कळांचा आणि रोग एकाचाच, असे चित्र यातून पुढे आले. गावकऱ्यांनी ज्या विश्वासाने बोट पुढे केले, त्या विश्वासाची परतफेड म्हणून हे निष्कर्ष त्यांना त्यांच्या भाषेत, चावडीवर बसून समजावून सांगणे हे अशा प्रत्येक पाहणीचे अंगच असायला हवे असे मला वाटते.

माणसाच्या रक्तातले संरक्षण

परजीवी तग का धरू शकत नाही, याची पहिली खूण लाव्हरानला मिळाली होती. १९०२ मध्ये त्याने पाहिले की माणसाच्या रक्तद्रवात ट्रिपॅनोसोमा मारण्याची शक्ती आहे. हे रक्तद्रव संसर्ग झालेल्या उंदरांना टोचले की त्यांच्या रक्तातले परजीवी नाहीसे होत. तो घटक ओळखायला मात्र शतक लागले. २००३ मध्ये ब्रसेल्समधील संशोधकांनी अपोलिपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन त्यामागे असल्याचे दाखवले. चांगले कोलेस्टेरॉल म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या एचडीएल कणांच्या एका छोट्या गटाबरोबर ते रक्तात फिरते. ट्रिपॅनोसोमा हे कण अन्न म्हणून गिळतो. कणाबरोबर प्रथिन आत जाते, परजीवीच्या पचनकोशाच्या पटलाला छिद्रे पाडते, क्षार आणि पाणी आत घुसते, कोश फुगतो आणि परजीवी मरतो. आफ्रिकेतील ऱ्होडेसिएन्से उपजातीने यावर तोड काढली. तिच्याकडे या प्रथिनाला पकडून निकामी करणारे स्वतःचे प्रथिन आहे. इव्हान्सीकडे तशी सोय नाही. म्हणून गेली कित्येक हजार वर्षे माणूस सर्रा झालेल्या जनावरांसोबत राहूनही सुरक्षित राहिला.

मग सिंदेवाहीच्या शेतकऱ्याचे काय झाले? त्याचे रक्तद्रव ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये त्याचा अहवाल आला. त्याच्या रक्तद्रवात ट्रिपॅनोसोमा मारण्याची शक्ती मुळीच नव्हती, कारण त्यात अपोलिपोप्रोटीन एल-१ नव्हतेच. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. या रुग्णाच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता. डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. मधलेच एखादे अक्षर गळाले किंवा वाढले, की पुढचे सगळे गट सरकतात आणि प्रथिन नीट तयार होत नाही. इथे दोन्ही प्रतींत असेच सरकणे झाले होते. संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले आणि प्रयोगशाळेत तयार केलेले हे प्रथिन रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळले. परजीवी मारण्याची शक्ती परत आली. कारण आणि परिणाम यांचे इतके स्वच्छ नाते एका रुग्णाच्या अभ्यासात क्वचितच हाती लागते. परजीवी नवा किंवा अधिक घातक झालेला नव्हता. गोठ्यातला नेहमीचाच परजीवी, ज्याच्या रक्तात संरक्षण नव्हते अशा एका माणसापर्यंत पोचला होता.

या शोधाला पुढे अनपेक्षित फाटा फुटला. २०१० मध्ये असे लक्षात आले की आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांत या जनुकाचे दोन बदललेले प्रकार आढळतात. ते ऱ्होडेसिएन्सेलाही मारू शकतात, परंतु त्यांच्या दोन प्रती असणाऱ्यांना मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका बराच वाढतो. हे बदललेले प्रथिन औषधाने रोखता येईल का, हा विचार ओघानेच आला आणि त्यापाठोपाठ एक शंकाही आली: हे प्रथिन पूर्ण थांबवले, तर मूत्रपिंडाचे किंवा शरीराचे दुसरेच काही बिघडणार नाही ना? प्राण्यांवर प्रयोग करून उत्तर मिळण्याजोगे नव्हते, कारण उंदरांत हे जनुक नाही आणि चिंपांझीतही नाही. जन्मापासून हे प्रथिन नसलेला माणूस हाच त्यावरचा पुरावा ठरणार होता आणि तसा माणूस विदर्भात होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले की या प्रथिनाच्या अभावामुळे त्याला मूत्रपिंडाचा विकार जडलेला नाही. हे प्रथिन रोखणाऱ्या इनाक्साप्लिन या औषधाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत, बदललेल्या जनुकामुळे मूत्रपिंडाचा विकार झालेल्या रुग्णांच्या लघवीतून जाणारी प्रथिने सरासरी जवळपास निम्म्याने घटली. धानाच्या बांधीत राबणाऱ्या एका माणसाच्या रक्ताने या मार्गावरची एक मोठी शंका दूर केली होती.

दुसरा रुग्ण आणि उरलेला धोका

हे प्रकरण इथेच मिटले असते, तर विदर्भातल्या आरोग्य यंत्रणेला एवढेच म्हणता आले असते की जनुकीय दोष असलेल्या अतिदुर्मीळ माणसालाच सर्रा होतो आणि बाकीच्यांनी निश्चिंत असावे. परंतु २०१५ मध्ये व्हिएतनामच्या दक्षिण भागात एका स्त्रीच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती व्यवस्थित होत्या आणि रक्तात हे प्रथिनही होते. कच्चे मांस कापताना झालेली जखम हा संसर्गाचा संभाव्य मार्ग मानला गेला. म्हणजे संरक्षण भक्कम असले तरी अभेद्य नाही. परजीवी थेट जखमेतून मोठ्या संख्येने आत गेला तर काय होते, याकडे अधिक लक्ष देणे मला गरजेचे वाटते, कारण आपल्या खेड्यांत अशी जखम फार सहज होते. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा, गाभडलेल्या म्हशीच्या पोटातून हाताने वासरू काढणारा, पशुवैद्यक येईपर्यंत शिंग मोडलेल्या बैलाचे रक्त दाबून धरणारा, बोकडाचे मटण कापताना बोट कापून घेणारा, या साऱ्यांचे हात उघडे असतात आणि रोवणीच्या दिवसांत चिखल्यांनी फाटलेलेही असतात. रबरी हातमोजे स्वस्त आहेत. पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुया मिळतात तेव्हा हातमोज्यांची जोडीही द्यावी आणि एका जनावराला वापरलेली सुई तशीच दुसऱ्याला टोचू नये. सुई माशीच्या सोंडेचेच काम करते, आणि तेही जास्त रक्तासह.

जनावरातला रोग आटोक्यात ठेवणे हा माणसाच्या संरक्षणाचाच भाग आहे. सर्रासाठी डिमिनाझीन आणि क्विनापायरामिन ही औषधे पशुवैद्यकांकडे असतात. पावसाळा सरताना एखादे जनावर ताप येऊन खंगत चालले असेल, तर गोचीडतापाचे औषध देऊन मोकळे होण्याऐवजी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवे.

माणसाच्या बाबतीत, हिवतापाचे किट निगेटिव्ह आलेला, आठवड्यांमागून आठवडे चढउताराचा ताप असलेला आणि जनावरांत वावरणारा रुग्ण समोर असेल, तर तंत्रज्ञाने ताप चढलेला असतानाच रक्त घ्यावे, कारण दोन तापांच्या मधल्या दिवसांत परजीवी इतके कमी होतात की लेपात दिसत नाहीत. काचपट्टी रंगवण्याआधी ताज्या थेंबावर झाकणकाच ठेवून पाच मिनिटे पाहावे. काही दिसले नाही तर बारीक काचनळीत रक्त भरून ती केंद्रोत्सारी यंत्रात (सेंट्रिफ्यूज) फिरवावी. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा जो पातळ थर जमतो, त्याच्या सीमेवर ट्रिपॅनोसोमा गोळा होतात. नळी न फोडता भिंगाखाली आडवी धरली तरी त्यांची हालचाल दिसते. अशा काचनळ्या फिरवणारे यंत्र असलेल्या ग्रामीण रुग्णालयात यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. दोन-तीन तापांत सलग तपासूनही रक्त कोरे निघाले, तर दुसरे निदान शोधावे. परजीवी दिसला, तर ती काचपट्टी पुसू नये. तिच्यावर तारीख टाकून ती जिल्हा प्रयोगशाळेत पाठवावी, रुग्णाला नागपूरला हलवण्याची तयारी करावी, सुरामिन बाहेरून मागवावे लागते म्हणून त्याची मागणी त्याच दिवशी वर कळवावी, आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला फोन करून रुग्णाच्या घरच्या आणि शेजारच्या कोठ्यातील जनावरांचे रक्तही तपासायला सांगावे.